उलाळ गाडी

अमडापूरच्या आठवडी बाजारामागचा चढ सुट्या मुरमाचा. त्यावर वामनराव देशमुखांची आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार जागच्या जागी थयथयत होती. मागची चाके उड्या मारीत होती, खडी उधळीत होती. गाडी मात्र हातभरही सरकत नव्हती. स्टिअरिंगवर वामनरावांची लेक वासंती होती, आणि भोवती बाजाराचे हसू.

"बाईमाणसाचा पाय तो," कुणीतरी म्हणाले.

चिखलीला मोटारी दुरुस्त करणारा मार्तंड भाजीची पिशवी सावरीत तिथेच उभा होता. माणसांपेक्षा चाकांकडे पाहण्याची त्याची रीत. आज ती नजर चाकांवरून वर गेली, दोन रागीट डोळ्यांना भिडली... आणि तिथेच राहिली.

"चूक तुमच्या पायाची नाही," तो कसाबसा म्हणाला. "मागच्या स्प्रिंगचे पाटे फार कडक आहेत."

"हे माह्या बाबाले सांगाल?"

सांगावेच लागले. वामनरावांनी घरी बजावले होते, पुढल्या बाजारी गाडी तो चढ चढली नाही, तर वासंतीने स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी देशमुखांच्या गोठ्याशेजारच्या निंबाखाली मार्तंड गाडीखाली शिरला. मागच्या कमानीत दोन पाटे जास्तीचे निघाले.

"हे कोणी घातले?"

"म्याच," वामनराव म्हणाले. "सरकीची पोती भरली की गाडी उलाळ व्हायची."

मागे ओझे होऊन जिचे जू वर उचलले जाते, ती बैलगाडी म्हणजे उलाळ. गाडीवानाला याहून मोठी लाज नाही.

"काका, बैल पुढून ओढतात. हिले तर मागची चाकं ढकलतात," मार्तंड हळूच म्हणाला. "जोर लावताना हिनं मागं बसलंच पाहिजे. थोडी उलाळच पाहिजे ही."

वामनराव मान हलवीत निघून गेले. मार्तंडने जास्तीचे पाटे काढले. जोर लागताच आस पिळून चाके उडू नयेत म्हणून आसापासून चासीपर्यंत लोखंडी दांडा बसवला. मेलेले शॉकअब्सॉर्बर बदलले. वासंती एकेक पाना हाती देत होती.

"माह्याशी बोलताना नटाकडे काऊन पाहता?"

"नट... उलटून पाहत नाहीत."

ती हसली. पाना देणारी बोटे क्षणभर त्याच्या बोटांवर रेंगाळली.

बाजाराच्या दिवशी वामनरावांनी किल्ली मार्तंडपुढे धरली. "तूच चढव. काम तुझं, मान तुझा."

मार्तंडने हात मागे घेतला. "मी चढवली, तर लोक म्हणतील चूक बाईचीच होती." आणि तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

वासंतीने पाय दाबला. गाडीचा मागचा भाग खाली बसला, चाकांनी मुरूम घट्ट धरला, आणि ती जड मोटार एका दमात माथ्यावर आली. खाली बाजाराचे हसू विरले होते. वामनराव मात्र शेजारच्याला सांगत होते, "पोरगी माही आहे." मार्तंडला वाटले, आपल्या हातून आजवर झालेले सर्वांत सुंदर काम दुसऱ्याच्या हातात शोभते आहे.

"पुढल्या बाजारी याल?" तिने समोर पाहत विचारले.

"गाडीत आता काही बिघाड नाही..."

"गाडीचं कोण विचारून राह्यलं?"

या वेळी तो तिच्याकडे नीट पाहून म्हणाला, "येईन. आईले घेऊन येईन."

वासंतीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाठ मात्र ताठच होती.

"त्याइले बसनं नका आणू," ती म्हणाली. "मी येते घ्यायले."