आस्थांक

‘दैनिक बोरीकाठ’ची कागदी आवृत्ती बंद झाली होती. अमळनेरमधला प्रत्येक वाचक आता आपल्या पडद्यावर खास आपल्यासाठी जुळवलेला अंक वाचत असे. वृत्तपत्राच्या संगणक-कक्षात संगणकतज्ज्ञ डॉ. सलीम तडवी संपादक मालिनी देवरे यांना नवी प्रणाली समजावून सांगत होते.

“हा आस्थामापक. वाचक कोणाच्या फोटोवर किती रेंगाळतो, कोणाची बातमी शेवटपर्यंत वाचतो, कोणाला फोन करतो, यावरून त्याला कोणाबद्दल किती आस्था आहे हे तो मोजतो. तो आकडा म्हणजे आस्थांक. आस्थांक पुरेसा असेल, तरच त्या माणसाची निधनवार्ता वाचकाला दिसेल.”

“आणि कमी असेल तर?”

“ज्याच्या जाण्याचं दुःखच होणार नाही, त्याची बातमी कशाला? मात्र पुढे आस्था वाढली, तर यंत्र ती आपोआप पाठवेल.”

मालिनीताईंना हे पटलं. रोज सकाळी अनोळखी लोकांची मरणं कशाला वाचायची, अशी वाचकांची तक्रार होतीच. त्यांनी संमती दिली.

तक्रारी थांबल्या. अंत्ययात्रा मात्र रोडावल्या. एक निवृत्त कंपाउंडर गेला, तेव्हा खांदा द्यायला माणसं कमी पडली. त्याच्या हातचं इंजेक्शन घेतलं नाही असं घर त्या गल्लीत नव्हतं. लोक निर्दय झाले नव्हते. त्यांना कळलंच नव्हतं.

मालिनीताईंनाही हे फारसं जाणवलं नाही. मग एकदा भाजीबाजारात कुलथे सर भेटले. ते त्यांच्या भावाच्या शाळेतले जुने शिक्षक.

“ताई, दहाव्यालाही आला नाहीत,” सर म्हणाले. “माणूस गेल्यावर तरी राग सोडायचा.”

“कोण गेलं?”

सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. “प्रल्हाद सर. तुमचे दादा.”

प्रल्हाद भदाणे मुख्याध्यापक असताना त्यांच्या परीक्षा केंद्रावर कॉपी झाली होती. ती बातमी मालिनीताईंनीच छापली. बातमी खरी होती. दादांनी राजीनामा दिला आणि बहिणीशी बोलणं सोडलं. पुढे ते मुलांना मल्लखांब शिकवू लागले. त्या मुलांनी बक्षिसं मिळवली की दादांचा फोटो ‘बोरीकाठ’मध्ये यायचा.

मालिनीताई तडक संगणक-कक्षात गेल्या. डॉ. तडवींनी मालिनीताईंची नोंद उघडली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

“बोला, डॉक्टर.”

“तुमचा त्यांच्याबद्दलचा आस्थांक जवळजवळ शून्य आहे. फोन कधी नाही. फोटो आला की तुम्ही लगेच पुढे सरकवायचात.”

“मला बघवत नव्हतं हो! त्याचा चेहरा दिसला की मी छापलेली ती बातमी आठवायची.”

“ते यंत्राला कळत नाही, मॅडम,” तडवी हळूच म्हणाले. “नको असलेलं आणि न सोसणारं, दोन्ही माणूस सारख्याच घाईने टाळतो.”

मालिनीताई दादांच्या घरी गेल्या. दार वहिनींनी उघडलं. आत या, असं त्या म्हणाल्या नाहीत.

“वहिनी, मला कोणी कळवलं का नाही?”

“तुमच्याच पेपरला बातमी दिली होती. आम्ही तिरडी उचलायची थांबवली होती. म्हटलं, मालू येईल. आजारपणात हे म्हणायचे, ‘माझा फोटो ती छापते ना, म्हणजे बघतही असेल.’”

वहिनींनी दार लोटून घेतलं.

त्या संध्याकाळी मालिनीताईंनी जुन्या अंकांतले दादांचे सगळे फोटो काढले. मल्लखांबाशेजारी उभे असलेले, हार गळ्यात असलेले, एका मुलाच्या पाठीवर हात ठेवून हसणारे. प्रत्येक फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. एकही पुढे सरकवावासा वाटेना. चहा तसाच निवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पडदा उजळला. ‘बोरीकाठ’ची निधनवार्ता आली होती. निवृत्त मुख्याध्यापक प्रल्हाद भदाणे यांचे दुःखद निधन. अंत्ययात्रा आज सकाळी राहत्या घरून निघेल.