चौथ्या गोष्टीनंतरचा विराम

काम साधे होते. एका जुन्या ब्राझिलियन भयपटाची जर्मन उपशीर्षके पडद्यावर वेळेवर उमटतात की नाही, हे रिकाम्या चित्रपटगृहात एकदा तपासायचे आणि घरी परतायचे. उत्कर्ष निघाला तेव्हा शैलाकाकूंनी त्याच्या पिशवीत मेथीचे पराठे ठेवले आणि छत्री न्यायची आठवण केली. तो शनिवार होता, २०२३ सालच्या नोव्हेंबरची पंचवीस तारीख. दुसऱ्या दिवशी टोटेनझोनटाग होता, म्हणजे जर्मन लोक आपल्या मृतांच्या कबरींवर दिवे लावतात तो रविवार.

“हे मी गोष्ट रंगावी म्हणून सांगत नाही,” सुखदेवकाका म्हणाले. “तारीख होती ती होती.”

हॅम्बर्गच्या बार्मबेक भागातील त्यांच्या घरी आम्ही जेवून बसलो होतो. मी, माझ्याबरोबर शिकणारे मैथिली आणि मयुरेश, आणि काकांची मुलगी क्षमा. काका बावीस वर्षे विमानांमधील आसने बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतात. उत्कर्ष दीड वर्ष त्यांच्याकडे भाड्याने राहत होता. त्या रात्री परतल्यावर त्याने जे सांगितले ते काकांनी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले होते. तपशील एकदाही बदलला नाही, असे ते म्हणतात. मीही त्यात भर घातलेली नाही.

“आमच्या घरात भूत मानत नाहीत,” काकांनी आधीच सांगितले. “माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. तेव्हा शेवटी मला ‘पण काका, ते काय होतं?’ असं विचारायचं नाही.”

“अहो, मग सांगताच कशाला?” स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

“उत्तर सापडत नाही म्हणून.”

उत्कर्षचा प्रबंध त्या एका चित्रपटाभोवती फिरत होता. ब्राझीलच्या अंतर्भागातील एका गावात, मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताशी धरून, सुटीच्या दिवशी तो चित्रित केलेला. त्यात चार भयकथा होत्या. रक्त बिटाच्या रसाचे होते. दोन निरनिराळ्या कथांतील खुनी एकच शर्ट घालून येतात, कारण शर्ट तेवढाच होता. कथांना जोडणारे सूत्र म्हणजे मयताच्या घरातले जागरण. मधोमध टेबलावर चादरीखाली प्रेत आणि भोवती झोप येऊ नये म्हणून गोष्टी सांगणारी माणसे. गोष्ट संपली की घरातला म्हातारा कॅमेऱ्याकडे वळतो, “अजून कोण जागं आहे?” असे विचारतो आणि थांबतो.

हॅम्बर्गच्या आल्टोना भागात, एका इमारतीच्या मागच्या अंगणात, लहानसे जुने चित्रपटगृह आहे. तेथे या चित्रपटाचे वेडे भक्त महिन्यातून एकदा जमत. त्यांना सारे संवाद पाठ होते. प्रेत झालेल्या नटाला श्वास रोखता येत नसल्यामुळे चादर पोटावर वरखाली होई. ती हलली की सारे सभागृह आनंदाने ओरडे, “श्वास घेतोय!” म्हाताऱ्याने प्रश्न विचारला की सगळे एका आवाजात पोर्तुगीजमध्ये उत्तर देत, “एऊ!” म्हणजे “मी!”

“म्हणजे फसलेला सिनेमा बघायला हे लोक तिकीट काढतात?” मयुरेशने विचारले.

“हो! आणि तेही महिनाभर आधी,” काका म्हणाले. “मीही त्याला हेच म्हणालो होतो. तर म्हणाला, काका, पैसा नव्हता म्हणून त्या सिनेमात भोकं राहिली, आणि त्या भोकांत प्रेक्षक येऊन बसला. चकाचक सिनेमात आपल्याला बसायला जागाच नसते. आणि म्हणाला, आपल्याकडे कोजागरीला लक्ष्मी हेच विचारत फिरते की नाही?”

त्याच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना मात्र हे पटत नव्हते. त्यांच्या मते म्हाताऱ्याचे ते थांबणे ही दिग्दर्शकाची योजना नव्हती. तो केवळ संकलनातला ढिसाळपणा होता. चारही विराम मोजा, ते म्हणाले. तंतोतंत सारखे निघाले तर योजना मान्य करू, नाहीतर हे प्रकरण गाळा. प्रकरण मान्य झाले तरच ते प्रगतीचे पत्र देणार होते, आणि त्या पत्राशिवाय उत्कर्षच्या व्हिसाची मुदत वाढणार नव्हती.

मोजायचे कसे? ब्राझीलमधील संग्रहालय उत्तर देत नव्हते. येथील संग्रहालयाला हक्कधारकाची संमती हवी होती. हक्कधारक वारला होता, आणि त्याच्या वारसांना आपण वारस आहोत हेच ठाऊक नव्हते. उरली ती आल्टोनातल्या त्या भक्तांच्या मंडळाजवळची एकुलती फिल्म. पण खेळाच्या वेळी फोन बंद ठेवावे लागत, आणि ओरड्यात विराम कोठे सुरू होतो नि कोठे संपतो हे कळत नसे. शिवाय मंडळाचा नियम होता. हा चित्रपट एकट्याने पाहायचा नाही आणि म्हाताऱ्याचा प्रश्न अनुत्तरित सोडायचा नाही. उपशीर्षके करून देण्याच्या बदल्यात त्याला ही चाचणी मिळाली होती, तीही यंत्र चालवणारी हाइके सोबत असेल या अटीवर.

पहिल्या दोन गोष्टी सुरळीत पार पडल्या. यंत्रावर किती फूट फिल्म पुढे सरकली हे दाखवणारा काटा होता, त्यावरून उत्कर्षने दोन्ही विराम टिपले. ते सारखे होते. दोन्ही वेळा हाइकेने, कॉफी ओतता ओतता, मान वर न करता “एऊ” म्हटले.

तिसरी गोष्ट सुरू होण्याआधी तिचा फोन वाजला. वृद्धाश्रमात तिची आई पलंगावरून पडली होती. तिने यंत्र थांबवले आणि कोट चढवला.

“मी येईपर्यंत लावू नकोस. आणि लावलंसच, तर उत्तर दे. मोठ्यानं. त्यांना ताटकळत ठेवायचं नसतं.”

“कोणाला?”

“तुला काय करायचंय? उत्तर दे, म्हणजे झालं.”

त्याने होकार दिला. ती गेली.

“अर्धा तास बसला तो,” काका म्हणाले. “मग एक तास. सोमवारी प्रकरण द्यायचं होतं. महिनोन् महिने दारं ठोठावली होती पोरानं. एक म्हणतो अर्ज करा, दुसरा म्हणतो अर्ज इथं नाही. आता यंत्र समोर, फिल्म चढवलेली, आणि आडवी काय येतेय? एक अंधश्रद्धा. तुम्ही काय केलं असतं?”

“लावलं असतं,” मैथिली म्हणाली.

“त्यानंही लावलं.”

आणि त्याने आणखी एक गोष्ट ठरवली. उत्तर द्यायचे नाही. मापन शुद्ध हवे. सभागृहात कोणताही आवाज नको, फिल्म आणि काटा एवढेच हवे. कोणत्याही काळजीपूर्वक काम करणाऱ्या विद्यार्थ्याने असेच केले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तिसरी गोष्ट संपली. म्हातारा वळला. “अजून कोण जागं आहे?”

उत्कर्ष गप्प राहिला. विराम संपला. काट्यावर तो आधीच्या दोहोंइतकाच भरला. फक्त त्याला तो थोडा लांबल्यासारखा वाटला. आणि त्याच वेळी खालून, सभागृहातून, एक आवाज आला.

तेथील खुर्च्यांची बैठक स्प्रिंगने आपोआप वर मिटणारी आहे. माणूस बसला की ती करकरत खाली येते, उठला की टपकन वर जाते. आलेला आवाज करकरण्याचा होता.

त्याने यंत्रखोलीच्या लहान खिडकीतून पाहिले. पडद्याच्या उजेडात रिकाम्या रांगा दिसत होत्या. जुने लाकूड थंडीने वाजते, असे त्याने स्वतःला सांगितले.

“बाबा, एश्ट?” क्षमाने विचारले. खरंच का, असे तिला म्हणायचे होते.

काकांनी तिच्याकडे पाहिले.

चौथी गोष्ट संपली.

म्हातारा कॅमेऱ्याकडे वळला. “अजून कोण जागं आहे?”

उत्कर्षने ओठ मिटून घेतले. डोळे पडद्यावर ठेवले. म्हातारा थांबला होता.

थांबूनच होता.

फिल्म सरकत होती. यंत्राची घरघर चालू होती. पण वरच्या चाकावरची फिल्म… कमी होत नव्हती. त्याने निरखून पाहिले. चाक फिरत होते. फिल्म तेवढीच.

म्हाताऱ्याने पापणी हलवली नाही.

मग उत्कर्षच्या लक्षात आले की आणखी एक गोष्ट हलत नाही. चादर. ज्या पोटाला लोक दर महिन्याला हसत, ते पोट… शांत होते. टेबलावरचा माणूस श्वास घेत नव्हता.

खाली एक खुर्ची करकरली.

दुसरी.

मग डावीकडून एक. मागून दोन. घाईने नाही. उशिरा आलेली माणसे अंधारात जागा शोधून बसतात, तशी. कोणी बोलत नव्हते. कोणी खोकत नव्हते. फक्त बैठका खाली जात होत्या. एकामागून एक… एकामागून एक…

त्याला खिडकीतून पाहायचे होते. मान वळली नाही.

अजूनही एक शब्द पुरला असता. त्याच्या जिभेवर होता तो. पण चौथा आकडा… तेवढा एकच उरला होता.

तो बोलला नाही.

शेवटची खुर्ची करकरली. मग काहीच नाही.

मग खालून, अगदी हळू, पुष्कळ घशांतून मिळून एकच उत्तर आले.

“एऊ.”

म्हाताऱ्याने मान हलवली. चित्रपट पुढे गेला.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. काकू दारात येऊन उभ्या होत्या.

“हाइके आली तेव्हा तो यंत्रखोलीत जमिनीवर बसला होता,” काका पुढे म्हणाले. “तिनं दिवे लावले. खुर्च्या सगळ्या वर मिटलेल्या. फक्त कडेची एक खाली. तिनं त्याला एवढंच विचारलं, ‘उत्तर दिलंस?’”

“आणि चौथा आकडा?” मी विचारले.

“तंतोतंत. आधीच्या तिन्हींसारखा. काट्याच्या हिशेबानं त्या विरामात काहीच घडलं नव्हतं. प्राध्यापकांना हवं होतं तेच हातात होतं. रविवारी दिवसभर या टेबलाशी बसून राहिला. मला म्हणाला, काका, आकडे बरोबर आहेत आणि मापन खोटं आहे. हे तळटीपेत कसं लिहू?”

“लिहायचंच नाही ना! आकडे द्यायचे आणि मोकळं व्हायचं,” मयुरेश चिडून म्हणाला. “डिग्री हातची घालवायची म्हणजे काय?”

“मीही ओरडलो त्याच्यावर. म्हणालो, अरे, कोण बघायला येणार आहे? तर म्हणाला, जे बघायला आले होते, त्यांना माहीत आहे.”

मंडळाने त्याला पुन्हा यंत्राजवळ येऊ दिले नाही. दुसरे मापन अशक्य झाले. सोमवारी त्याने प्रकरण मागे घेतले. प्राध्यापकांनी पत्र दिले नाही. फेब्रुवारीत तो नाशिकला परत गेला. सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. चित्रपटांविषयी बोलत नाही.

“एका आकड्यासाठी,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात अजूनही राग होता, पण तो कोणावर होता हे मला सांगता येणार नाही.

मग ते पुढे सांगू लागले.

“डिसेंबरात हाइकेचा मला फोन आला. उत्कर्षनं तिला सांगितलं होतं की घरमालक खुर्च्यांचं काम करतात. ती कडेची खुर्ची वर जात नव्हती. मी हत्यारं घेऊन गेलो. म्हटलं, मी भूत मानत नाही, स्प्रिंग मानतो. बैठक खाली होती. हातानं उचलून पाहिली. उचलेना. गंज नाही, खिळा अडकलेला नाही, बिजागरी सरळ. ओझ्यानं दाबून धरलेली असावी, तशी.”

“अहो…” काकू म्हणाल्या.

“आत रांगेत शिरल्याशिवाय दुसरी बाजू दिसणार नव्हती. मी पुढं झालो आणि सवयीनं ‘एंटशुल्डिगुंग’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणालो. आपण म्हणतोच की, कोणाच्या गुडघ्यांपुढून जाताना. तोंडातून गेलं.”

त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले.

“खुर्ची वर गेली.”

बाहेर पाऊस पडत होता.

“अलगद. टपकन नाही. मी आत गेलो. दोन्ही स्प्रिंगा काढल्या. चांगल्या होत्या, तरी नव्या घातल्या. बिजागरीला तेल दिलं. पंधरा-वीस वेळा बैठक खाली दाबून सोडली. दर वेळी वर. हाइकेला म्हटलं, झालं तुझं काम. हत्यारं गोळा केली, रांगेतून बाहेर आलो. मधल्या वाटेत उभा राहिलो…”

काकांनी हात पुढे केला, तळवा खाली धरला, आणि अगदी सावकाश गुडघ्याच्या उंचीपर्यंत आणला.

“…आणि ती पुन्हा खाली आली.”