आईकडचा उजेड

पडद्यावर दिगंबर कारखानीसांच्या स्वतःच्या चेतापेशी दिसत होत्या. हाताच्या कातडीचा तुकडा घेऊन, त्यातून त्या काचेच्या बशीत वाढवल्या होत्या. धडधाकट पेशी हिरव्या चमकतात, असं लेकीनं, शमिकानं, सांगितलं होतं. पडदा जवळजवळ काळाच होता.

कारखानीस स्टुलावर अंग चोरून बसले. उजव्या हाताची थरथर दिसू नये म्हणून तो त्यांनी डाव्या हाताखाली दाबला होता. आयुष्य ग्रंथालयात गेलेलं. एवढी शिकलेली माणसं आपल्यापायी खोळंबली आहेत, याचंच त्यांना ओझं झालं होतं.

"म्हणजे माझं दान वाया गेलं?" शेजारी उभ्या असलेल्या हृषीकेशनं, त्यांच्या भाच्यानं, विचारलं. "मामांना एवढं मनापासून काही दिलं, तेही परत?"

"तू दिलेलं परतच येतं," शमिका म्हणाली. "दिवाळीतला तो शर्ट आठव. त्यात बाबा दोनदा मावले असते."

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. रिसबूड मात्र हसले नाहीत. "असं व्हायला नको होतं. पेशीला ऊर्जा पुरवतात त्या मायटोकॉन्ड्रिया, आपल्या तंतुकणिका. त्या फक्त आईकडून येतात. यांच्या आईच्या यांच्यात आल्या, यांच्या बहिणीत आल्या आणि बहिणीकडून हृषीकेशमध्ये. म्हणून तर या पेशींत तंतुकणिका रोपायला भाचा निवडला. याहून जवळचं कोण असणार?"

"तिथंच चुकलं, सर."

कारखानीसांनी श्वास रोखला. पोरीला डॉक्टरेट मिळून वर्षही झालं नव्हतं आणि ती चक्क रिसबूडांची चूक काढत होती. आवाज मात्र कसा शांत, तिच्या आईसारखा, नलूसारखा.

"आपण जवळचा माणूस शोधला," शमिका म्हणाली. "पण दोष आजीच्याच तंतुकणिकांत असला तर? मग आपण बिघडलेल्या जागी तोच बिघाड पुन्हा भरला. काल मी हृषीच्या तंतुकणिका तपासल्या. त्यांतही तो आहे."

हृषीकेशच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "मला पण होणार हे?"

"आत्ता नाही. बाबांच्या वयाला, बहुधा."

कारखानीस उठून उभे राहिले. दाबून धरलेला हात सुटून उघड्यावर थरथरू लागला, त्याचंही भान त्यांना राहिलं नाही. "शमे, माझं राहू दे. आधी त्याचं बघ."

"बसा बाबा. दोघांच्या दुखण्याला उपाय एकच आहे."

"परक्या तंतुकणिका?" रिसबूडांनी मान हलवली. "पेशीच्या केंद्रकातली जनुकं आणि तंतुकणिका यांचं जमावं लागतं. नाही जमलं तर पेशी मरते. जमेल याची खात्री कोण देणार?"

"मी," शमिका म्हणाली. "माझ्या केंद्रकातली निम्मी जनुकं बाबांची आहेत. तंतुकणिका मात्र सगळ्या आईच्या. जन्मापासून ही दोन्ही माझ्या पेशी-पेशीत एकत्र नांदताहेत, सर. जमतं की नाही, हा प्रयोग होऊन गेलाय. तो मीच आहे." मग ती हृषीकेशकडे वळली. "तुझी लेक चिऊ आहे ना? तिच्या तंतुकणिका वहिनीच्या. तुला भरपूर वेळ आहे."

"मुलीत बापाच्या तंतुकणिका नसतात, म्हणून ती दाता होऊ शकत नाही, असं मी आयुष्यभर शिकवत आलो," रिसबूड म्हणाले. "नसतात म्हणूनच ती होऊ शकते, हे एकदाही सुचलं नाही." त्यांनी सूक्ष्मदर्शकासमोरची स्वतःची खुर्ची मागं ओढली. "बसा, डॉक्टर कारखानीस."

सवयीनं कारखानीसांनी आजूबाजूला पाहिलं. हे 'डॉक्टर' कोणाला, ते त्यांना क्षणभर उमगेना. मग मात्र ऊर भरून आला. 'सगळ्या आईच्या' हे ऐकून मनाला लागलेली बारीकशी टोचणीही त्यात विरून गेली.

शमिकानं दुसरी बशी सरकवली. "या पेशीही तुमच्याच, बाबा. माझ्या तंतुकणिका घातलेल्या."

पडदा हिरवा झाला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत, धागा न् धागा उजळलेला.

नलू संध्याकाळी घरातल्या सगळ्या खोल्यांतले दिवे लावायची. ती पुढं गेली की कारखानीस मागून एकेक दिवा मालवत जायचे. तिला जाऊनही आता वर्षं झाली.

"दमलात ना?" असं म्हणत शमिकानं पडदा बंद करायला हात पुढं केला.

"राहू दे," कारखानीस म्हणाले. "चालू असू दे."