साठ हात दोर

सुंदररावांनी मरणापूर्वी वसीयतनामा केला आणि त्यात वसी म्हणून माझं नाव घातलं. वसी म्हणजे मेलेल्याचं देणं फेडून उरलेली मालमत्ता वारसांच्या हवाली करणारा माणूस. त्यांच्या दोन्ही पोरांना, अर्जुनरावाला आणि भारतला, ते मुळीच रुचलं नाही. मलाही ती दोघं डोळ्यांसमोर नको असत. पण मरणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

दहाव्याला धर्मापुरीबाहेर ओढ्यावर पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं, भाताला वास सुटला. पोरांना वाटणीची घाई होती.

"तात्याबा, काहून गप उभे ऱ्हायलात?" अर्जुनराव म्हणाला. "वसी हायेत ना तुमी? बोला की कायतरी."

मी आधीच चिडलो होतो. हात जोडून मोठ्याने म्हणालो, "सुंदरराव, तुमचं जे देणं असंल, ज्याचं असंल, ते मी माज्या अंगावर घेतलं."

'तुमच्या मालमत्तेतून फेडीन', एवढंच म्हणायला हवं होतं. वसीने स्वतःच्या अंगावर काही घ्यायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण शब्द तोंडातून गेला आणि त्याच क्षणी कावळा पिंडाला शिवला.

महिनाभरात वाण्याचं, सुताराचं, सरकारी साऱ्याचं सगळं चुकतं केलं. मग एका भर दुपारी केशरबाई सुंदररावांच्या ओट्याशी येऊन बसली. धनगराची बाई. तिचा नवरा आश्रुबा सात वर्षांपूर्वी सुंदररावांच्या विहिरीतला गाळ काढायला आला आणि मजुरी घेऊन परागंदा झाला, असं गाव म्हणे.

"माजं ऱ्हायलं," ती म्हणाली.

"किती?"

"पैका न्हाई. दोर."

मालमत्तेच्या यादीत दोर होता. साठ हात, मागच्या कोठीत. कुलूप माझंच होतं. खुंटीवरून काढला तर तो ओला लागला, आणि हाताला गाळाचा कुबट वास आला. चैत्र संपत आला होता, पावसाचा थेंब नव्हता.

"मजुरीवरून भांडान झालतं," केशरबाई हळू बोलत होती. "माजे मालक हिरीत खाली व्हते. सुंदररावांनी दोर वर वढला आन् घरी गेले. मी पळत गेले, तवर पाणी चढलं... बोललीस तर मेंढरं जाळीन म्हणले."

मी दोर पुढे केला. तिने हात लावला नाही.

"मला कशाला? त्येंला सोडा, हिरीत."

विहिरीला पायऱ्या नव्हत्या. अर्जुनराव आणि भारत हसत मागून आले. मी दोर सोडला. टोक पाण्याला लागल्याचा आवाज फार उशिरा आला. मग दोर हळूहळू ताणला, खाली कुणीतरी तो मनगटाला गुंडाळावा तसा. पोरं मागे न बघता पळाली.

"वढा," केशरबाई म्हणाली.

"हे... सुंदररावांचं देणं हाय..."

"तुमी अंगावर घेतलंय."

मी ओढला नाही. सांगायला लाज वाटते, पण नाही ओढला. वरचं टोक कडुनिंबाला बांधलं आणि घर गाठलं.

त्याला अकरा वर्षं झाली. दोर तसाच ताठ. केशरबाई रोज दुपारी भाकरी नेऊन विहिरीच्या काठावर ठेवते. सुंदररावांच्या दहाव्याच्या तिथीला मी जाऊन बघतो. दरवर्षी दोरावर ओल्या गाळाची एक नवी पकड असते, आदल्या वर्षीपेक्षा चार-पाच हात वर.

ऐकतोयस तर दिवा जरा मोठा कर. आज तीच तिथी.

यंदा दोरावर नवी पकड नव्हती. ती काठाच्या दगडावर होती, आणि दोर सैल पडला होता.

केशरबाई आज विहिरीवर गेलीच नाही. भाकरी घेऊन माझ्या ओट्यावर आली, आणि दुपारपासून तिथेच बसून आहे.