हेमकांत नावं ठेवतो

पहिली शिंक आली तेव्हा रोशनी मिरचीच्या पथारीच्या कडेला उभी होती. चौथीला तिच्या हातातली फाईल उघडली. आणि सातवी शिंक इतकी सणसणीत निघाली, की चाळीस प्रश्नांचे सगळे कागद वाऱ्यावर उडाले आणि एकरभर वाळत घातलेल्या लालभडक मिरच्यांवर, लग्नाला आलेले पाहुणे सतरंजीवर पसरतात तसे ऐसपैस पसरले.

"ओ बाई! मिरचीवर पाय देऊ नका!"

पलीकडून एक उंच तरुण धावत आला. नाकाला रुमाल, केसांत मिरचीची धूळ, कपाळाला आठी.

"पथारीवर तुमनं काय काम शे? शहरना लोके येतस, फोटो काढतस आन् शिंकीसन जातस. आमना बठ्ठा दिन खराब!"

एवढं बोलून त्यानं चपला काढल्या. मिरचीच्या वाफ्यांमधून बोटभर जागा शोधत, बगळ्यासारखे पाय टाकत त्यानं एकेक कागद उचलला, झटकला, नंबर बघून क्रमानं लावला. मग कुठूनसा एक ओला रुमाल आणून तिच्यापुढे धरला.

"नाकले लावा. आन् त्या बाजूले बसा, तठे वारा उलटा शे."

हा हेमकांत. नंदुरबारच्या बाहेर, शहाद्याच्या रस्त्याला ही पथारी त्याची आणि त्याच्या आईची, सरलाबाईंची.

रोशनी मानसशास्त्रात एम.ए. करत होती. तिचा प्रकल्प होता, माणसांची मतं आणि माणसांचं वागणं. खरं तर तिच्या मार्गदर्शक मॅडमनी फक्त मतंच मोजायला सांगितली होती. "वागणं मोजायला वेळ कुठाय? मार्चमध्ये सबमिशन आहे."

देठ खुडणाऱ्या बायकांचे फॉर्म भरून झाले. शेवटी त्यांच्यातल्या मोतीबाईंनी विचारलं, "असहमत म्हंजे काय वं बाई?"

"म्हणजे, तुम्हाला पटत नाही."

"मंग तसंच लिख ना! आमले नही पटस ते आमना तोंडवर लिखेल ऱ्हास."

सगळ्या खळखळून हसल्या. राहिला हेमकांत.

"घरकाम स्त्री-पुरुष दोघांनी करावं," रोशनीनं वाचलं.

"मुळीच नही," हेमकांत म्हणाला, आणि अकरा बायकांसाठी स्वतः उकळलेला आल्याचा चहा गाळू लागला.

"मग हे काय?"

"हाऊ चहा शे. घरकाम थोडंच शे?"

"बरं. व्यवहाराचे निर्णय स्त्रियांनी घ्यावेत."

"कधीच नही! बाईमानूसले व्यवहार काय समजस?"

तेवढ्यात शेडमधून हाक आली, "हेम्या! त्या व्यापारीले सांग, आज सौदा नही!" हेमकांत ताडकन उठला. "थांबा हं. आईनी सांगं, जानं पडी."

चाळीसपैकी अडतीस 'पूर्ण असहमत'. रोशनीनं त्याच्या फॉर्मवर लाल शाईनं लिहिलं, 'अत्यंत मागासलेले विचार.' आणि रुमाल परत द्यायचा विसरली.

इकडे घरी वेगळीच गडबड चालली होती. तिचे वडील रूपचंद, तापीकाठचे केळीवाले शेतकरी, यांनी एक स्थळ आणलं होतं. अमृत. सुरतेला नोकरी, दिसायला नीटनेटका. रोशनीनं गमतीत त्यालाही फॉर्म पाठवला. नऊ मिनिटांत उत्तर आलं. चाळीसपैकी चाळीस 'पूर्ण सहमत'! खाली गुलाबाचं फूल आणि 'स्त्री म्हणजे शक्ती.' मॅडम म्हणाल्या, "असा मुलगा सोडू नकोस." रूपचंदांनी विचारलं, "मंग काय सांगू त्यासले?"

"तुम्ही म्हनशात तसं, बाबा," रोशनी म्हणाली.

गंमत अशी, की सगळ्यात पहिला फॉर्म तिनं स्वतःचाच भरला होता. 'मुलीनं जोडीदार स्वतः निवडावा' यापुढे 'पूर्ण सहमत' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

रुमाल परत करायला ती पथारीवर गेली. मग एक प्रश्न विचारायचा राहिला म्हणून गेली. तिसऱ्या वेळी कारण सापडेना, म्हणून तशीच गेली.

"परत उन्यात?" हेमकांतची आठी ठरलेली.

"मी आलेली आवडत नाही का तुम्हाला?"

"काम खोळंबस."

"मग वाऱ्याच्या उलट्या बाजूला ही खाट कुणी टाकली?"

"खाट... वाळाले टाकेल शे."

"खाट वाळत घालतात?"

"नंदुरबारमा बठ्ठं वाळत घालतस," तो गंभीरपणे म्हणाला.

रोशनीला इतकं हसू आलं, की हसता हसता तिनं डोळे पुसले... मिरची लागलेल्या बोटांनी! पुढच्याच क्षणी ती खाटेवरून उडालीच. हेमकांत पाण्याची कळशी घेऊन धावला. "चोळू नको! हात पुढे कर. पानी मार... आजून मार." घाईघाईत 'तुम्ही' कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. तो तिच्या ओंजळीत पाण्याची बारीक धार धरत होता, थेंबभरसुद्धा तिच्या बाहीवर न सांडता. बऱ्याच वेळानं तिनं एक डोळा किलकिला उघडला. तो तिच्याकडेच बघत होता — आणि तिच्या डोळ्यापेक्षा त्याचे कान लाल झाले होते.

"येडी पोर शे," तो पुटपुटला आणि रिकामी कळशी घेऊन उगाच विहिरीच्या उलट दिशेला चालू लागला.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा भरली. अमृतकडच्यांनी निरोप धाडला, जत्रेतच भेटू, घोडेही बघून होतील आणि मुलगीही. रोशनीला हा क्रम काही आवडला नाही. पण गेली.

जत्रेत नुसता धुरळा. झुली घातलेले घोडे, हलगीवर थिरकणाऱ्या घोड्या, भज्यांचा खमंग वास. अमृत पांढरेशुभ्र बूट घालून आला होता. सोबत फक्त त्याची आई.

"रोशनी, निर्णय संपूर्ण तुझा," तो मृदू आवाजात म्हणाला. "स्त्रीच्या मताचा मी आदर करतो." आणि त्याच दमात हॉटेलवाल्याला, "चार भजी, चार चहा. हिच्यात साखर कमी."

रोशनीला चहा गोडमिट्टच लागायचा.

"आणि तुझं शिक्षण," तो पुढे म्हणाला, "त्याचंही तूच ठरव. मी आईला सांगून ठेवलंय, फेब्रुवारीत लग्न झालं की तू घरीच असशील."

"माझं सबमिशन मार्चमध्ये आहे."

"हो का? छान!" अमृत म्हणाला. त्याचं लक्ष एका पांढऱ्या घोड्याकडे होतं.

चहा पिऊन रूपचंद घोडे बघायला थांबले आणि हे तिघं पुढे निघाले. गर्दीत अमृतच्या आईच्या चपलेचा अंगठा तुटला. खाली खडे, वर ऊन. "आई, तू सावलीत थांब. बाई खंबीर असते!" असं म्हणून अमृत फोन उंच धरत घोड्याकडे गेला. सावली म्हणावी तर कुठे नव्हतीच. ती बिचारी एका पायावर उभी राहिली. रोशनी स्वतःच्या चपला काढणार, तोच बाजूच्या मिरचीच्या दुकानातून ओळखीचा आवाज आला.

"जत्रामा असल्या नाजूक चपला घालीसन कोन येस? बायासले अक्कलच नही!"

हेमकांत बाहेर आला. त्यानं स्वतःच्या चपला काढून त्या मावशींच्या पायांशी ठेवल्या, तुटकी चप्पल उचलली, पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेतली आणि तिथंच मातीत मांडी घालून शिवायला बसला. रोशनीकडे त्यानं एकदा बघितलं, मग अमृतच्या पांढऱ्या बुटांकडे, आणि मान जी खाली घातली ती वर केलीच नाही.

दुकानातून सरलाबाईंनी रोशनीला बोटानं खुणावलं.

"तूच का वं ती शिंकवाली?"

"म्हणजे?"

"तीन आठवडा व्हयनात. हाऊ जेवाले बसना का तुन्हं पुरान सुरू! तिन्ही गाडी आवाज करस, तिन्हं अक्षर मुंगीनागत शे, ती हासस ते शहादालगून ऐकू येस... माले तं तू पाठ व्हई गयी."

रोशनीचा चेहरा पडला. "इतकी वाईट वाटते मी त्यांना?"

सरलाबाई पोटभर हसल्या. "येडी! त्याना बाप व्यापारी व्हता. त्यानी शिकाडेल शे, जो माल आवडना त्याले आधी नावं ठेव. चांगला म्हनं का भाव चढना! ते याना हाडमा बसेल शे. मन्ही भाजीले तो रोज नावं ठेवस... आन् चार भाकरी खास."

रोशनीनं वळून बघितलं. त्याची मान खाली, दाभण वर-खाली. तिच्या छातीत काहीतरी हलगीसारखं वाजायला लागलं.

नेमके तेव्हाच रूपचंद घाईघाईत आले. "रोशनी, पाहुनासले काय सांगू? पेढा लेऊ का?"

'तुम्ही म्हनशात तसं' हे शब्द सवयीनं जिभेवर आले. प्रकल्पासाठी दोनशे माणसांच्या बोलण्याचा हिशेब तिनं मांडला होता. फक्त स्वतःचा मांडायचा राहिला होता.

"बाबा," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, "माले हाऊ पोऱ्या नको."

"आं? आवं, तूच सांगं ना, चाळीसमा चाळीस!"

"त्यानी माय उनमा एक पायवर उभी व्हती, आन् तो तठे घोडासंगे फोटो काढी ऱ्हायना. दखा."

रूपचंदांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. घोड्याचे दात, खूर, शेपटीचा भोवरा सगळं तपासणारा हा माणूस. जावयाचं मात्र नुसतं बोलणं ऐकून आला होता. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"दुसरा कोनी शे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"दहा मिनिटमा सांगस," म्हणत ती निघालीसुद्धा.

हेमकांत शेवटचा टाका घालत होता. "ठरनं लगीन?" त्यानं वर न बघता विचारलं.

"नाही म्हणून आले."

दाभण थेट बोटात गेलं. "पोऱ्या... चांगला व्हता," तो बोट चोखत म्हणाला.

"तुम्ही त्याला चांगला म्हणालात, तिथंच कळलं! आता माझ्याबद्दल बोला."

"तुमनं अक्षर मुंगीनागत..."

"नावं नका ठेवू." ती त्याच्यासमोर मातीतच बसली. "तुम्ही खाट टाकता, रुमाल भिजवता, ते कळतं मला. पण मला ऐकायचंही आहे. जन्मभर काय तुमचं उलटं सुलटं करून वाचत बसू?"

हेमकांतनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "भाव चढी जाई," तो केविलवाणा होऊन म्हणाला.

"चढू दे."

"माले... तू..." — मागं एक घोडी खिंकाळली, त्यानं ती शांत होईपर्यंत वाट बघितली — "माले तू आवडस."

आणि मग बूच उडावं तसं सगळं बाहेर आलं. "तू येस त्या दिन मी वारानी दिशा चारदा दखस. खाट इकडे ठेवू का तिकडे... तुन्हं हासनं शहादालगून ऐकू येस ना, ते सुरतलगून ऐकू याले पाहिजे. आन् तू नही उनी त्या दिन मोतीबाई माले इचारस, मिरची खराब व्हयनी का तुन्हं तोंड..."

"बाळा," वरून आवाज आला, "माझी चप्पल झाली का रे?"

अमृतची आई! हेमकांतच्या होडीएवढ्या चपला घालून ती मघापासून तिथंच उभी होती. हेमकांतला कुठे तोंड लपवावं कळेना. तिनं शिवलेली चप्पल पायात घातली, दोन पावलं चालून बघितली आणि रोशनीच्या गालावरून हात फिरवला. "सुखी राहा, पोरी," एवढंच म्हणाली, आणि मुलाला शोधायला निघून गेली.

रूपचंद पलीकडे कडब्याच्या पेंढीवर बसले होते. हेमकांत त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. अनवाणी, बोटाला रक्त, केसांत मिरची.

रूपचंदांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "मन्ही पोर कशी वाटस तुले?"

हेमकांतनं तोंड उघडलं. दुकानात सरलाबाईंनी देवाचं नाव घेतलं.

"चांगली शे," तो म्हणाला. "लई चांगली शे, काका."

रूपचंद हसले आणि पेंढीवर जरा सरकून त्यांनी जागा केली. "बस. पन आधी पायमा काहीतरी घाल बाप्पा, आठे नालना खिळा पडेल शेतस."

रोशनी त्याच्या चपला आणायला वळली, दोन पावलं गेली आणि थांबली.

"तूच आण जा," ती म्हणाली.

हेमकांत पळतच गेला.