अर्थ नाही

आमचं लग्न ठरलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. पुढे जाऊ.

तर मी त्याला मुळीच ओळखत नव्हते. परवाना कार्यालयात खिडकी क्रमांक तीनमागे तो कारकून बसला होता. काचेला तळाशी एक अर्धगोल भोक होतं, त्यातून मी वायरमनच्या परीक्षेचा अर्ज आत सरकवला. शेवटचा दिवस, साडेचार वाजलेले. बाबांनी वस्तीत सव्वीस वर्षं वायरिंग केलं. मग लाल आणि काळी वायर सारखीच दिसायला लागली, तेव्हा त्यांनी आपला परवाना स्वतःहून परत केला. आता बालवाडीचं काम निघालं होतं, परवान्याशिवाय मिळणार नव्हतं, आणि बाबा तिथल्या बाईंना सांगून बसले होते, “माझी मुलगी करेल.” पुढची परीक्षा वर्षाने.

कारकुनाने अर्जासोबतचा बालवाडीच्या वायरिंगचा माझा आराखडा बराच वेळ न्याहाळला. कोपऱ्यात पेन्सिलीने दोन शब्द लिहिले आणि कागद परत सरकवला.

‘अर्थ नाही.’

चार दिवस खपून काढलेला आराखडा.

“कशाला अर्थ नाही?”

“ह्याला.”

“माझ्या कामाला?”

“तुमच्या प्लगला.”

“आणि अर्थ ठरवायला तुम्हाला नेमलं कुणी?”

“सरकारने. अकरा ते पाच.” मग जरा हळू आवाजात, “मॅडम... तिसरी पिन. अर्थची वायर. हिरवी.”

मी पाहिलं. बाबांचं हिरवं पेन वाळलं होतं. नंतर काढू म्हणून ती रेघ राहूनच गेली होती. त्या प्लगला बालवाडीतली पोरं हात लावणार होती.

माझा चेहरा पडला असावा, कारण तो उठला. त्या कार्यालयात हिरव्या शाईने फक्त साहेब लिहीत. त्याने साहेबांच्या टेबलावरचं पेन आणून भोकातून पुढे केलं.

“साहेब चहाला गेलेत. सात मिनिटं आहेत.”

“पकडले गेलात तर?”

“तर मलाही अर्थ राहणार नाही. काढा पटकन.”

मी रेघ काढली. शाई वाळावी म्हणून तो काचेपलीकडून फुंकर घालत होता. काचेवर वाफ धरली. कागदाला काहीच झालं नाही. मला... झालं.

मी पास झाले. दोन महिन्यांनी त्यानेच परवाना भोकातून बाहेर सरकवला, बोटाला बोट लागलं. शॉक बसला असं मी लिहिणार नाही. परवानाधारकाला ते शोभत नाही. पावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आता आहे.’

“काय आहे?”

“अर्थ,” तो म्हणाला. “इथे अकरा ते पाच बसण्याला. तुम्ही... परत कधी याल?”

“परवाना पाच वर्षांचा आहे.”

“तेच म्हणतोय. फार उशीर होईल.”

पुढच्याच आठवड्यात मी पत्त्यातली वेलांटी दुरुस्त करायला गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती पुन्हा चुकवायला.

बालवाडीचं काम झालं त्या दिवशी बाबांनी प्रत्येक प्लगवरून बोट फिरवलं, तिसरं भोक चाचपलं. राहिलेल्या रेघेची गोष्ट मी त्यांना सांगितली होती.

“ती रेघ ज्याने तुला काढायला लावली, त्याला घरी आण,” ते म्हणाले. “मला लाल-काळं कळत नाही. माणूस कळतो.”

तरी मा. कार्यालयप्रमुखांस नम्र विनंती की, खिडकी क्रमांक तीनच्या काचेचे भोक दोन हात एकाच वेळी मावतील इतके रुंद करण्यात यावे. अर्थ सोबत जोडला आहे.