पहिल्या हाकेला ओ

कॅप्टन हरेश्वर वरळीकरांची पेटी त्यांच्या घरी पोचवायची, एवढंच काम होतं. ऑफिसातल्या कारकुनानं माझी सही घेतली, पत्र्याची लहानशी पेटी पुढ्यात सरकवली आणि म्हणाला, "भिवा, तू त्यांच्या घरचाच. नेऊन दे."

मी घरचा कसला? मी भोईवाड्याच्या चाळीतला, मोठ्या बोटी ओढणाऱ्या टगबोटीच्या पोटात भट्टीला कोळसा घालणारा आगवाला. पण बारा वर्षं मी त्या माणसाच्या पायाखाली काम केलं होतं. अगदी शब्दशः, कारण ते वर सुकाणूवर आणि मी बरोबर त्यांच्या खाली. त्यांच्या बुटांच्या आवाजावरून आज स्वारीचा नूर काय आहे ते मला कळायचं.

तर मी पेटी खांद्यावर घेतली आणि परळहून वरळीच्या कोळीवाड्याकडे चालायला लागलो. छप्पन सालचा फेब्रुवारी होता. जानेवारीतला गोळीबार आणि संचारबंदी संपून दोन आठवडे झाले होते, पण माणसं अजून हळू बोलत होती. भिंतींवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं लिहिलेलं आणि त्यावर पोलिसांनी फासलेला चुना. चुन्याखालून अक्षरं दिसतच होती.

पेटीत काय आहे ते मला ठाऊक होतं. एक सदरा, चष्मा आणि फुटक्या कोपऱ्याची पाटी. ती पाटी त्यांच्या मुलीची, गुणवंतीची. तेराव्या वर्षी बाप गेला तेव्हा हा माणूस टगवर डेक घासायला लागला. पुढं सुकाणू हातात आलं, पण कॅप्टनच्या परीक्षेला इंग्रजी अक्षरं यायला हवीत. मग पस्तिसाव्या वर्षी पहिलीतल्या पोरीच्या पाटीवर ए बी सी गिरवली, जेवणाच्या सुट्टीत, आम्हा सगळ्यांच्या देखत. आम्ही हसायचो. त्यांनाही हसू यायचं, पण हात थांबायचा नाही. गोरे साहेब गेले त्या साली आमच्या टगवर ते कॅप्टन झाले. घराच्या विटा स्वतः वाहिल्या. संध्याकाळी घरी जाताना त्यांचा हात कधी रिकामा पाहिला नाही, निदान एक पेरू तरी असायचाच. आणि मी नवा होतो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डब्यातली भाकरी न विचारता मोडून घेतली. त्या काळात हे करणारी माणसं किती होती ते मला चांगलं माहीत आहे. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

त्यांची एक सवय मात्र जाचक होती. बंदराचा नियम असा, की मोठ्या बोटीनं शिट्टी दिली की टगनं लगेच तशीच शिट्टी द्यायची. त्याचा अर्थ, ऐकलं, दोर घेतो. मग एका बोटीवरून दुसरीवर आधी बारीक दोरी फेकतात. तिच्या टोकाला मुठीएवढी जड गाठ असते, ती डेकवर ठप्पकन पडते. ती दोरी ओढत गेलं की तिच्या मागून मनगटाएवढा दोर येतो आणि त्या दोरामागून अख्खी बोट. कॅप्टननी स्वतःची दोरी स्वतः वळली होती. गाठीला बायकोच्या, म्हणजे आमच्या काशीवहिनींच्या, जुन्या लुगड्याची हिरव्या चौकड्याची चिंधी बांधलेली, अंधुक उजेडात दिसावी म्हणून.

हा शिट्टीचा नियम त्यांनी माणसांनाही लावला. हाक एकदाच मारणार. पहिल्या हाकेला ओ आली पाहिजे. कोणाचे हात गुंतले असतील तर शेजारच्यानं त्याच्या वतीनं ओ द्यायची, म्हणजे बोलणी बसत नसत. आम्ही सगळे एकमेकांसाठी ओ देत आलो. घरीही हाच कायदा. यावरून नवराबायकोत कायम वाद. कोळीवाड्यात दिवेलागणीला पाण्याकडून हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत कोणी तोंड उघडत नाही. माणूस तीनदा हाक मारतो, दुसरं जे काही असतं ते एकदाच. कॅप्टन हसायचे. म्हणायचे, "समुद्र मना ओळखतो."

जानेवारीत ते गेले ते असे. संचारबंदी होती, टगवर आम्ही चौघंच. पहाटे बंदरावर इतकं धुकं, की मला खालून वरचा दिवा दिसेना. एक शिट्टी ऐकू आली, लांबट आणि ओलसर. त्या बाजूला एकही बोट नव्हती. कॅप्टननी शिट्टीला शिट्टी दिली. वरून खाली बोलायच्या नळीतून मला म्हणाले, "भिवा, कोणीतरी दोर मागतंय रे... मी पुढं जाऊन बघतो." त्यांचे बूट नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाकडे गेले. दोरी फेकल्याचा आवाज आला. ती पाण्यात पडल्याचा मात्र आला नाही. मग बूट वाजलेच नाहीत. मी वर आलो तेव्हा नाळेवर ते नव्हते आणि दोरीही नव्हती. शरीर मिळालं नाही.

मी कोळीवाड्यात शिरलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. काठ्यांवर बोंबील वाळत होते. एरवी त्या वेळी गल्लीत कोण कलकल! त्या दिवशी कॅप्टनच्या घराच्या आसपास सगळी दारं लावलेली. मी कडी वाजवली. आतून कोणी 'कोण' म्हणालं नाही. तीनदा वाजवली तेव्हा गुणवंतीनं दार उघडलं, मला आत ओढलं आणि लगेच लावून घेतलं.

काशीवहिनी जमिनीवर बसल्या होत्या. कपाळावर कुंकू तसंच होतं. शेजारी तुळशीदास, त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याचं मनगट वहिनींनी घट्ट धरलं होतं.

"बसा भिवाभाऊ," त्या कुजबुजल्या. "बोलू नका. आता टाइम झालाय."

"कसला टाइम, वहिनी?"

"यांच्या बापाचा." त्या तुळशीकडे बघत होत्या. "रोज येते हाक. दिवा लावला की. एकदाच येते, दुसऱ्यांदा नाय. तिसरी हाक आली असती ना भिवाभाऊ, तर मीच धावत गेले असते."

बंदर पूर्वेला, वरळी पश्चिमेला, मध्ये अख्खी मुंबई. तिकडं गेलेला माणूस इकडच्या पाण्यातून हाक कशी मारेल, असं मनात आलं. मी पेटी गुणवंतीच्या हाती दिली आणि भिंतीला टेकून बसलो.

"आई, बाबाच आहेत ते," तुळशी म्हणाला. आवाज रडून बसलेला. "मी त्या दिवशी ओ दिली नव्हती. मला मोर्चाला जाऊ दिलं नाही म्हणून मी पाठ करून पडलो होतो. निघताना त्यांनी दारातून हाक मारली... आणि मी दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा दिली नाही. ती ऐकल्याशिवाय ते जाणार नाहीत."

"ती ऐकून ते एकटे जाणार नाहीत रे बाबा," वहिनी म्हणाल्या.

गुणवंतीनं दिवा लावला. खोलीत सुक्या मासळीचा वास होता. तो हळूहळू मागं गेला आणि वेगळाच वास आला, ओल्या काथ्याचा आणि कोळशाच्या धुराचा. आमच्या टगचा वास. बाहेर लाटा फुटत होत्या, त्या मध्येच थांबल्यासारख्या झाल्या.

"तुळशी..."

त्यांचाच आवाज. नळीतून यायचा तसा, पोकळ आणि दमलेला. रागाचा नाही. तो रागाचा असता तर बरं झालं असतं.

तुळशीनं हिसडा दिला. वहिनींचा हात सुटला. पोरगं दाराकडे झेपावलं, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं...

"ओ, कॅप्टन!"

हे मी म्हणालो. लोक म्हणतील, केवढं धाडस केलं भिवानं. धाडस वगैरे काही नाही हो. बारा वर्षांची सवय. शेजारच्यानं वेळेवर ओ दिली नाही की माझी जीभ आपोआप उचलली जायची.

बाहेर दाराशी ठप्प झालं. तो आवाज मी हजारदा ऐकला होता. आम्ही दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर काही नव्हतं, फक्त जमिनीवर मुठीएवढा ओला डाग.

वहिनींनी त्या डागाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाऊ... दोर तुमच्याकडे गेला," म्हणाल्या आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून रडल्या. त्याच रात्री त्यांनी कुंकू पुसलं. त्या घराला पुन्हा हाक आली नाही. तुळशी आज एका कचेरीत नोकरीला आहे आणि त्याचं लग्नही झालं. हे ऐकलं की मला खरंच बरं वाटतं.

मी टग सोडली, गिरणीच्या बॉयलरवर लागलो. त्याच वर्षी दसऱ्याच्या दिवशी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, देवदेवस्की सोडली. मग ही गोष्ट सांगणार कोणाला? चाळीतले म्हणाले असते, भिवा, बुद्धाचं नाव घेतोस आणि भुतं सांगतोस? शिवाय भोईवाड्यात समुद्र नाही. ते एक वाक्य मी चार वर्षं उशाशी घेऊन झोपलो. कधी कधी मात्र जाग यायची आणि वाटायचं, जन्मभर दुसऱ्यांना ओढून धक्क्याला लावणारा माणूस. त्याला ओढून आणायला कोणी नको का? मग उठून दाराची कडी तपासायचो.

कॅप्टनचा कायदा मात्र मी घरी चालू ठेवला. माझी राधा नऊ वर्षांची. पहिल्या हाकेला ओ, आपलं कोणी गुंतलं असेल तर त्याच्या वतीनं ओ. शेजारीपाजारी कौतुक करायचे.

मग यंदाचा तीस एप्रिल आला. उद्या आपलं राज्य होणार म्हणून चाळ नटत होती. गॅलरीत कंदील, जिन्याला पताका, आणि दोरी कुठंच पुरेना. मी संध्याकाळी कामावरून वर आलो तर माझी बायको सुंदरा तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभी राहून काहीतरी ओढत होती. पायाशी दोरीचं वेटोळं पडलेलं.

"अवो, ही दोरी तुमीच धाडलीत व्हय?" ती म्हणाली. "खालनं कुणीतरी वर टाकली. ठप्प झालं म्हणून बघितलं. ओढतीया तर संपतच न्हाई..."

दोरी ओली होती. वेटोळ्यात मधोमध मुठीएवढी गाठ आणि तिला हिरव्या चौकड्याची चिंधी. मी कठड्यावरून वाकून बघितलं. अंगणात नळाशी बायका होत्या, पोरं होती, कंदिलांचा भरपूर उजेड होता. दोरी दुसऱ्या मजल्यापर्यंत दिसत होती. त्याच्या खाली दिसत नव्हती.

"जरा हात लावा की," सुंदरा म्हणाली. "आता जड लागाया लागली."

मी घरातून कोयता आणला आणि दोरी तोडली. तुटलेलं टोक खाली गेलं, पण पडल्याचा आवाज आला नाही. चाळीतला गलका विझल्यासारखा झाला. ओल्या काथ्याचा वास आला, कोळशाच्या धुराचा वास आला.

"भिवा..."

एकदाच. मी दातांवर दात दाबले आणि दोन्ही हातांनी तोंड धरलं. नाही. या वेळी नाही.

आत राधा पताका चिकटवत बसली होती. तिला स्वतःचे खळीनं माखलेले हात दिसत होते, मी तोंड दाबून धरलेलं दिसत नव्हतं. बाबा गुंतलेत असं वाटून तिनं मोठ्यानं, मी शिकवलं होतं तसं, माझ्या वतीनं उत्तर दिलं.

"ओ!"

त्याला आज तीन आठवडे झाले. मी कामाला दांड्या मारून तिच्याभोवती फिरतो. पोरगी खाते, हसते, तिला काही झालेलं नाही. काल फक्त नळाशी खेळायला गेली, मी जिन्यात बसलो होतो, नजर दोन मिनिटं इकडं तिकडं झाली असेल. वर आली तेव्हा वेणीला रिबीन नव्हती. हिरव्या चौकड्याची चिंधी होती. ओली.

"ही कोणी बांधली, राधा?"

"एका आजोबांनी." तिच्या हातात अर्धा पेरू होता. मे महिन्यात. "त्यांनी हा पण दिला. मी अर्धा खाल्ला, बाबा. खारट होता."

तिनं उरलेला अर्धा माझ्यापुढं धरला.

"हा तुम्हाला द्यायला सांगितलाय."